बुटक्या छपराची हिरवी गाडी

अब्बा, मागच्या महिन्यात एका शुक्रवारी मी तुमची गाडी पाहिली. तीच, गडद हिरवी, छप्पर कापून बुटकं केलेली, दारांना हँडल नसलेली. दोहाजवळ लुसैलला जुन्या अमेरिकन गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि माझ्या मुलीला तिथे फोटो काढायचे होते, म्हणून तिच्याबरोबर मी गेले. काचेच्या इमारतींच्या मध्ये, ट्रामच्या रुळांपलीकडच्या मोकळ्या जागेत गाड्या ओळीनं लावल्या होत्या. तुमच्या वेळी तिथे वाळूशिवाय काही नव्हतं. ऊन उतरलं होतं, वारा गार होता. लाल, पिवळ्या, चकचकीत गाड्यांवरून नजर फिरवत मी चालले होते आणि एकदम नाकात वितळलेल्या शिशाचा वास शिरला. त्या मैदानात शिसं कोण वितळवणार? पण वास आधी आला अब्बा, गाडी नंतर दिसली.

मुलीला मी तुमच्याबद्दल फार सांगितलेलं नाही. तिचे नाना दोहाला गॅरेजमध्ये होते, एवढंच तिला ठाऊक. तुम्ही रत्नागिरीहून पत्र्याच्या कामावर इथे आलात, आणि कफिलाचा, म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा व्हिसा होता त्या मालकाचा, धाकटा मुलगा अमेरिकेत शिकून परत आला, तिथून सगळं सुरू झालं. त्यानं येताना जहाजातून ही गाडी आणली. गाडी त्याच्याहून वयानं मोठी होती. मासिकातून फाडलेली चित्रं त्यानं तुमच्यापुढे टाकली आणि म्हणाला, मला अशी करून दे. ती चित्रं तुम्ही घरी आणलीत आणि आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, अम्मीच्या मसाल्याच्या डब्यांवर चिकटवलीत. सांधे भरायला शिसं वितळवावं लागतं म्हणून तिचा भाताचा टोपही गॅरेजमध्ये नेलात. टोप परत आला तेव्हा अम्मी तो हातात धरून दारातच उभी राहिली. "ह्यात आता मी भात शिजवू?" "नको," तुम्ही म्हणालात, "ह्यात मी छप्पर शिजवलंय." मला हसू फुटलं आणि अम्मीनं आम्हा दोघांनाही त्या दिवशी नुसती भाकरी वाढली.

गाडी तयार झाली तेव्हा तिच्या अंगावर एकही सांधा दिसत नव्हता. हँडलं काढून तुम्ही दाराच्या खालच्या कडेला बटण दडवलं होतं, आतून एक, बाहेरून एक. पहिल्याच दिवशी मी दार आपटलं तेव्हा तुम्ही रागावलात. मारलं नाहीत, पण आवाज चढवलात. "आपटू नको! ती काय टॅक्सी आहे?" मग जुम्म्याच्या नमाजानंतर अल वक्र्याबाहेर समुद्राकाठच्या टणक वाळूवर अशा गाड्या जमायच्या. तेल कंपन्यांतले गोरे त्यांच्या गाड्या आणायचे, इथली तरुण पोरं आपापल्या. आम्ही चटई टाकून अम्मीनं केलेली सांदणं खायचो आणि लोक आपल्या गाडीभोवती फिरायचे. तुम्ही मात्र लांब उभे राहायचात, हात मागे बांधून, जणू तिच्याशी तुमचा काही संबंध नाही.

त्या शेवटच्या शुक्रवारी अम्मी आली नव्हती, भाऊ नुकताच झाला होता. गाडीच्या मालकाला, कफिलाच्या त्या मुलाला, मित्रांबरोबर दुसऱ्या गाडीतून जायचं होतं, म्हणून त्यानं किल्ली तुमच्याकडे टाकली. "यल्ला, तू ने गॅरेजला." तुम्ही माझ्याकडे बघून भुवया उडवल्यात. ती गाडी तुम्ही रस्त्यावर पहिल्यांदाच चालवणार होता.

रस्ता रिकामा आहे. दोन्ही बाजूंना नुसतं माळरान. मी तुमच्या शेजारी बसले आहे आणि छप्पर इतकं खाली आहे की समोरचं जग एखाद्या फटीतून दिसतं. तुम्ही गुणगुणता आहात. मग गुणगुणणं थांबतं. तुम्ही छातीवर हात ठेवता, म्हणता, "जरा भरून आल्यासारखं झालंय." तुमचं डोकं हळूहळू पुढे जातं आणि स्टिअरिंगच्या चाकावर टेकतं. माझ्याकडे तोंड, डोळे उघडे. पण तुम्ही बोलता आहात, अब्बा. तुमचा आवाज येतो आहे, थोडा मागून आल्यासारखा, ओठ हलत नाहीत. घाबरू नको. पुढे बघ. ते पांढरं घर दिसतंय ना, तिथे थांबू. मी मान हलवते आहे, हो म्हणते आहे. आणि गाडी सरळ चालली आहे. वळणाला वळते. त्या पांढऱ्या घराजवळ, ती एक कॅफेटेरिया होती, हळू होते, रस्ता सोडते आणि उभी राहते. "आता उतर. पळ. मागे बघू नको." मी बटण दाबते आणि पळत सुटते.

कॅफेटेरियातल्या केरळी माणसानं मला धरून बसवलं, दूध दिलं, पुन्हा बाहेर जाऊ दिलं नाही. मला गाडीपाशी परत जाताच आलं नाही. कुणाच्या तरी पिकअपमधून मला घरी पोचवलं. डॉक्टर अम्मीला म्हणाले की गाडी थांबण्याच्या बऱ्याच आधी तुम्ही गेला होता. त्या केरळी माणसानंही पोलिसांना सांगितलं, चाकावर डोकं टाकलेला माणूस आणि त्याच्याशी बोलणारी पोर, अशी गाडी त्यानं येताना पाहिली. मी अम्मीला सगळं सांगितलं. ती भावाला छातीशी धरून म्हणाली, "तुला तसं वाटलं असेल, बाय. कुणाकडे बोलू नको." मी बोलले नाही. तुम्हाला इथेच मातीत ठेवून आम्ही कोकणात परतलो. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे मी पुन्हा याच शहरात आले, अल अझीझियात संसार मांडला, लुसैलच्या एका ऑफिसात हिशेब बघू लागले. आणि मला तसं वाटलं असेल, हे मीही मानून टाकलं.

गाडीशेजारी खुर्चीवर एक म्हातारा कतरी बसला होता. गुडघ्यावर काठी, दाढी पांढरी. मी गाडीच्या छपराला हात लावला तसा तो हसून म्हणाला, "देखो, देखो." मी त्याला सांगितलं की हे छप्पर माझ्या वडिलांनी कापलं. त्याचं हसू गेलं. काठीवर जोर देऊन तो उभा राहिला. मग मी ओळखलं, तो गाडीचा मालक होता, कफिलाचा तो धाकटा मुलगा.

"तुम उसका बच्ची?" तो म्हणाला. "उस दिन साथ में था, वो बच्ची?"

मी हो म्हटलं. त्यानं माझ्या मुलीला कॉफी आणायला पाठवलं, आणि ती लांब गेल्यावर मोडक्या हिंदीत सांगू लागला. तुमच्यानंतर वर्षभर त्यानं गाडी झाकून ठेवली होती. मग काढली. वक्र्याच्या रस्त्यावर आल्यावर त्याच्या कानामागून कुणी तरी काही तरी विचारलं. गाडीत तो एकटाच होता. पुढच्या वेळी पुन्हा. दर वेळी तेच, तोच सूर, प्रश्नाचा. आता तो रस्ता ओळखू येणार नाही इतका बदललाय, वरून पूल गेलेत, मेट्रो आलीय, तरी तिथे आलं की आवाज येतोच. भाषा कळत नव्हती. विचारावं तर लोक म्हणणार गाडीत जिन आहे, आणि घरचे ती भंगारात काढणार. एकदा त्यानं आपल्या ड्रायव्हरला ते शब्द म्हणून दाखवले, तो केरळचा, त्यालाही काही उमगलं नाही.

"बिंती," तो म्हणाला, मुली, "तेरा भाषा है शायद. सुनो." आणि डोळे मिटून, शाळेतलं पाठांतर म्हणावं तसं म्हणाला, "बोर बोचली काय?"

मला काहीच कळेना. बोरं? बोरीचा काटा? मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. त्यानं पुन्हा म्हटलं, या वेळी शेवटचा सूर वर नेऊन, अगदी तुमच्यासारखा. आणि माझ्या ध्यानात आलं की या लोकांच्या जिभेवर प येत नाही, त्याचा ब होतो.

पोर पोचली काय?

अब्बा, मी तिथेच वाळूत बसले. त्याला अर्थ सांगितला तेव्हा तो म्हातारा डोक्यावरच्या गुत्र्याचं, त्या रुमालाचं, टोक तोंडावर धरून रडला. इतकी वर्षं तुम्ही विचारत होता आणि तुम्हाला उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मुलगी कॉफी घेऊन आली, घाबरली. "ममा, व्हॉट हॅपन्ड? हू इज ही?" मी म्हटलं, मला जरा गाडीत बसायचंय.

म्हाताऱ्यानं दाराखाली हात घालून बटण दाबलं. आत सगळं तसंच होतं, ती फट, तीतून दिसणारं जग. तुमच्या बाजूची सीट रिकामी होती, पण तिथली हवा कुणी तरी आत्ताच उठून गेल्यासारखी कोमट होती. वक्र्याच्या रस्त्यापासून इतकं लांब, उभ्या गाडीत, आवाज आला नाही. नुसतं कुणी तरी ऐकतंय असं वाटत राहिलं. मी म्हटलं, "पोचली, अब्बा. पोर पोचली. तिलाही पोर झाली." बाहेरून माझी मुलगी काचेवर वाकून बघत होती. तिनं नंतर सांगितलं की तू बोलत होतीस तेव्हा स्टिअरिंग थोडं हललं. म्हाताऱ्यानंही ते पाहिलं होतं.

काल त्याचा फोन आला. तीन-चारदा तो गाडी घेऊन त्या रस्त्यानं जाऊन आला. "खलास," तो म्हणाला, "अब कुछ नहीं बोलता." आवाजावरून वाटलं, त्याच्या घरचं कुणी गेलंय. मी शुक्रन म्हणून फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. अम्मीला यातलं काही सांगितलेलं नाही, आणि हे लिहिलेलंही कुणाला दाखवणार नाही. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. दार बंद झाल्यावर मी लगेच उत्तर दिलं नाही. उत्तर मिळालं की तुम्ही जाल, हे मला आत बसल्याबरोबर कळलं होतं, आणि मी बराच वेळ तोंड मिटून तुमच्या शेजारी बसून राहिले.