चालू यंत्र

४ जानेवारी

तीर्थरूप वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट पाहूनच तुम्ही म्हणाल, वहिनीला काम पडलं की वन्सं आठवतात. म्हणा खुशाल, काम पडलंच आहे. घरी सगळे बरे. तुमचे धाकटे बंधू सध्या पाण्याचा पंप उघडून बसले आहेत, त्यामुळे आम्ही बादल्यांनी पाणी भरतो.

आता कामाचं. दवाखान्यात बायकांच्या छातीचे फोटो काढायचं यंत्र माझ्याकडे असतं हे तुम्हाला माहीतच आहे. त्याची हमी संपली. आता देखभालीचा करार करायचा, आणि कोणता ते मोठ्या डॉक्टरांनी माझ्यावर सोपवलंय, कारण त्यांना कटकट नको. एक कंपनीचा पूर्ण करार, त्यात सुटे भागही आले. दुसरा कंपनीचाच, पण त्यात फक्त मजुरी. तिसरा इथला मेकॅनिक. सगळे त्याला पक्कड म्हणतात. हाक मारली की हातातलं टाकून येतो. पण ज्याच्यावर चित्र उमटतं तो डिटेक्टरच गेला, तर तो बिचारा कुठून आणणार?

माझा जीव कशात अडकलाय तेही सांगते. यंत्र बंद आहे म्हटलं की इथल्या बायका शहरात जात नाहीत, घरी जातात. तुमच्या कोटाचं अस्तर बदलून देणारी शिंपीणबाई आठवते ना? वर्षभर मागे लागले तेव्हा कुठे ती तपासायला आली. फोटोत बारीकसा ठिपका निघाला. डॉक्टर म्हणाले, आत्ता घाबरण्यासारखं नाही, पण उन्हाळ्यात पुन्हा फोटो काढायचा म्हणजे काढायचाच. तोवर यंत्र धड राहायला हवं. सोबत तिन्ही मसुदे पाठवते. नीट वाचून कळवा.

मुलांचा नमस्कार. लोभ आहे तो वाढता असू द्या.

तुमची वहिनी

---

१५ जानेवारी

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

तुझ्या नवऱ्याला सांग, पंप झाकून ठेव आणि माणूस बोलाव. लहानपणी त्याने माझी सायकल अशीच "दुरुस्त" केली होती.

फोटोच्या यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण जनरेटरच्या देखभालीत केस पांढरे झाले, त्यामुळे करार कळतात. पक्कड भला माणूस असेल, पण भलेपणातून डिटेक्टर निघत नाही. मजुरीचा करार म्हणजे पाहुणा येणार आणि सामान आपण आणायचं. कंपनीचा पूर्ण करारच घे.

मात्र दोन ठिकाणी त्यांना धर. "प्रतिसाद दिला जाईल" असं लिहिलंय, तिथे "माणूस येईल" असं करून घे. नाहीतर फोन उचलला की त्यांचा प्रतिसाद झाला. आणि "उपलब्धतेनुसार सुटे भाग" यातलं उपलब्धतेनुसार खोडायला लाव. बाकी मसुदा चांगला आहे. "यंत्र वर्षभर चालू ठेवण्याची जबाबदारी कंपनीची" हे वाक्य तर मला फारच आवडलं. एवढं लिहून दिल्यावर त्यांना पळायला जागा नाही.

शिंपीणबाईला म्हणावं, अस्तर अजून शाबूत आहे. मुलांना पापा. अशीच आठवण ठेव, कामापुरती का होईना.

तुझी वन्सं

---

२० मे

तीर्थरूप वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलेले दोन्ही बदल कंपनीने हसत हसत मान्य केले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. जानेवारीत सही झाली आणि गेल्या महिन्यापासून फोटोत पांढरा पट्टा येऊ लागला. छातीकडच्या कडेला, बोटभर रुंद. त्याच्याखाली काय आहे ते काही म्हणजे काही दिसत नाही.

कळवलं तसा माणूस आला. करारात लिहिल्यासारखाच आला, त्यात खोट नाही. इस्त्रीचा शर्ट, नम्र बोलणं. बटण दाबलं, दिवे लागले, यंत्राने फोटो काढला, आणि त्याने कागदावर लिहिलं, यंत्र चालू आहे. मी पट्टा दाखवला. तो म्हणाला, पट्टा दिसतोय खरा, पण यंत्र बंद नाही. करार यंत्र चालू ठेवण्याचा आहे आणि ते चालू आहे. बंद पडलं की डिटेक्टर लगेच बदलून मिळेल. मग मी काय, ते बंद पडावं म्हणून वाट पाहू का, असं विचारलं, तर म्हणाला, तसंही म्हणता येईल. चालू माणूस कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

पक्कडला बोलावलं. तो यंत्राभोवती फिरला आणि हात मागे घेतले. झाकण त्याने उघडलं तर करारच रद्द होतो.

परवा शिंपीणबाई आली, ठरल्याप्रमाणे, स्वतःहून. वन्सं, तिचा ठिपका नेमका त्या कडेलाच आहे. मी तिला कशीही उभी केली, वळवली, तरी तो पट्ट्याखालीच जायचा. डॉक्टर म्हणाले, यावरून काही सांगता येत नाही, शहरात पाठवा. तिला सांगितलं. ती म्हणाली, शाळांचे गणवेश शिवायचे आहेत, ते झाले की बघते, आणि तुझं यंत्र तर चालू आहे ना, नीट झालं की इथेच येईन, परक्या बाईसमोर मी कपडे काढणार नाही.

तुमचा आधार वाटतो म्हणून एवढं लिहिलं. माया असू द्या.

तुमची वहिनी

---

२ जून

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

चूक माझी आहे. जनरेटर एकतर चालू असतो, नाहीतर बंद. चालू असून खोटं बोलणारा जनरेटर मी जन्मात पाहिला नाही. तो शब्द मी माझ्या कामाच्या अर्थाने वाचला, तू तुझ्या, आणि दोघींनी मान डोलावली. कंपनीने मात्र बरोबर वाचला.

त्यांच्या इथल्या कचेरीत जाऊन आले. चहा दिला आणि मला आवडलेलं तेच वाक्य वाचून दाखवलं. मी आवाज चढवला, त्यांनी चढवला नाही, आणि तिथेच मी हरले.

आता करार गेला खड्ड्यात. शिंपीणबाईला हाताला धरून माझ्याकडे घेऊन ये. इथल्या मोठ्या दवाखान्यात मी स्वतः नेते. गणवेश काय, कोणीही शिवेल. उशीर करू नकोस.

रागावली असशील तर रागाव, पण पत्र लिही.

तुझी वन्सं

---

११ सप्टेंबर

तीर्थरूप वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्यावर रागावलेले नाही. लिहायला हात धजत नव्हता.

शिंपीणबाईच्या घरी मी पुन्हा पुन्हा गेले. तुमचा निरोप सांगितला, हाताला धरलं, भांडलेसुद्धा. दर वेळी मशीनवर नवा गठ्ठा असायचा. गणवेश झाले, मग त्यांच्या दुरुस्त्या, मग दवाखान्याचेच पडदे. हो, आमचेच.

मागच्या आठवड्यात यंत्र एकदाचं बंद पडलं. कंपनीचा माणूस त्याच दिवशी आला, नवा डिटेक्टर बसवून गेला. त्याच्याच बॅगेत पुढच्या वर्षाचा करार होता. चालू हा शब्द बदलून घ्या, असं मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं. ते म्हणाले, कंपनीने शब्द पाळला, आता उगाच कशाला दुखवायचं, आणि माझ्यासमोर सही केली.

नीट झालेल्या यंत्रावर पहिला फोटो शिंपीणबाईचा काढला. मी निरोप धाडला आणि ती लगेच आली. इतका स्वच्छ फोटो या खोलीत कधी निघाला नव्हता. ठिपका आता ठिपका राहिलेला नाही, वन्सं. काखेपर्यंत गेला आहे. डॉक्टरांनी शहराच्या दवाखान्याला चिठ्ठी लिहिली, पण ती बाहेर गेल्यावर माझ्याकडे पाहून मान हलवली. रविवारी तिला तुमच्याकडे घेऊन येते. आता ती नाही म्हणत नाही.

तिला अजून पुरतं सांगितलेलं नाही. कपडे घालताना तिने विचारलं, या वेळी फोटो नीट आला का? मी म्हटलं, आला. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, बरं झालं बाई, तुझ्या जिवाचा घोर मिटला.

लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची वहिनी