अस्वल नसलेला किनारा

१२ जानेवारी
आज परत मारलं! कारण काय, तर भाजीत मीठ कमी. रितेशने हातातली स्टीलची प्लेट सरळ माझ्या भुवईवर फेकली. रक्त थांबेना. सायली दाराआडून बघत होती. सहावीतली पोर, हल्ली रडतही नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

१४ जानेवारी
संक्रांत. नवरा गावभर, अख्ख्या बहादरपुरात, सगळ्यांशी गोड बोलून आला. घरी आल्यावर लाथ.

१५ जानेवारी
सायलीचं प्रोजेक्ट परत आलं. थर्मोकोलच्या बर्फावर पेंग्विन, शेजारी पांढरं अस्वल. मॅडमनी फुली मारलीये. म्हटलं, अगं, अस्वल उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला. मधला कोमट समुद्र त्यांना ओलांडता येत नाही.
‘पेंग्विनना थंडी हवी असते म्हणून राहतात ना तिकडे?’
नुसती थंडी नाही. काही पेंग्विन तर विषुववृत्तापाशी उन्हातही राहतात. पण समुद्र थंड हवा, त्यात मासे भरपूर असतात. आणि किनाऱ्यावर फाडून खाणारं जनावर बहुतेक नसतं, म्हणून उडता येत नसूनही जगले. उत्तरेलाही असाच एक न उडणारा पक्षी होता — माणसांनी काठ्यांनी मारून मारून संपवला.
‘मग तो पळाला का नाही, आई?’


१७ जानेवारी
त्याच्या धंद्याचा केळीचा ट्रक उशिरा आला. राग प्रोजेक्टवर — पायाखाली तुडवलं! मी उलटून बोलले. केस धरून फरफटत नेलं आणि अंगणातल्या चेंबरमध्ये, केळी पिकवायच्या त्या थंड खोलीत, कोंडलं. ‘दिमाग थंडा कर तुझा!’ बाहेरून कडी. सायली दार बडवत होती, तिलाही थोबाडीत मारली. आवाज आत ऐकू आला.

१८ जानेवारी
अंग अजून काकडतंय. बरं, चेंबर रिकामं होतं. घड भरले की केळी पिकवायचा गॅस सोडतात, दारावर खडूने तसं लिहितात. मग दुसऱ्या दिवसापर्यंत एकही माणूस तिकडे फिरकत नाही, त्या दाराला हात लावत नाही.

२० जानेवारी
‘तू तो सुधरत नाही. उद्यापासून पोरीला कोंडतो आत, बघ!’
बोलतो ते करतो तो.

२१ जानेवारी
सायलीला घेऊन चांदनी गावी आले, भावाकडे. सकाळी चेंबर भरलं. रितेश घड दाबून बघायला आत गेला, फोन बाहेर टेबलावर. मी बाहेरून कडी लावली. दारावर लिहिलं — ‘गॅस सोडला. उद्यापर्यंत उघडू नये.’
खडू सायलीने आणून दिला.