धुण्याच्या दगडावरच्या लाटा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
पुणे, ता. ९ जानेवारी १९७५

ती. आप्पांस दाक्षायणीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

सोलापुरात सिद्धरामेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर आली आणि मी इथं वसतिगृहात दगड फोडत बसलेय. फरशीवाल्याच्या लेकीनं दुसरं काय करावं? आप्पा, परसातला अव्वाचा धुण्याचा दगड मला पाठवा. थट्टा करत नाही. शहाबादी फरशी म्हणजे जुन्या समुद्राच्या तळाचा गाळ. ज्या वळ्यांवर अव्वा तुमची धोतरं घासते, त्या म्हणजे त्याच समुद्राच्या लाटांच्या खुणा. आणि वळ्यांखाली बोटभर थर आहे, त्यात फुटके तुकडे उलटेसुलटे अडकलेत. शांत बसलेला तळ कशानं तरी उखडला असणार.

लोणारचं तळं आभाळातून पडलेल्या दगडानं झालं, असं आता शास्त्रज्ञ म्हणतात. तसा दगड समुद्रात पडला तर केवढी लाट उठेल! तिची खूण अशीच राहील का, हाच माझ्या प्रबंधाचा विषय. सर म्हणतात, आधी दगड दाखव, मग मंजुरी. फेब्रुवारीअखेर ती मिळाली नाही तर वर्ष वाया जाईल, आणि तुम्ही शिकायला दोनच वर्षं दिलीत. पुढं अक्कलकोटचं स्थळ आहेच. तेव्हा लवकर करा.

फरशीवर करता तेवढी माया लेकीवरही असू द्यावी.
तुमची,
दाक्षायणी

सोलापूर, ता. २२ जानेवारी

चि. दाक्षायणीस वीरभद्रप्पाचे अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम.

पत्र तुझ्या अव्वाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, समुद्र गेला तर गेला, माझा दगड कशाला नेता? दोन दिवस अबोला धरला, मग दिला. काल लॉरीनं रवाना केलाय, तरटात बांधून. पावती सोबत हाय.

तो दगड तसा नापास माल, म्हणून तर परसात पडलेला. तुझ्या सरांपुढं तसला धाडायचा म्हणजे दुकानाची लाज की. सिद्धाराम मिस्त्रीकडनं वरचा सगळा खराब भाग तासून पॉलिश करून घेतला. लई देखणा निघालाय. त्यात बघून भांग पाडता येईल.

एक कळत न्हाय. आपल्याकडं समुद्र कुटं, आणि फरशीत लाट कुटली? फुरसतीनं सांग.

जेवणाची हेळसांड करू नये.
आप्पा

पुणे, ता. २७ जानेवारी

ती. आप्पांस सा. न. वि. वि.

दगड पोचला. तरट सोडलं तर आत आरसा. लाटा गेल्या, फुटका थरही गेला. सर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. मी ढसाढसा रडले. मग तुमचा राग आला, मग हसूही आलं. खडबडीत माल तुम्ही जन्मात कुणाच्या दारात जाऊ दिला नाहीत, ते मीच कसं विसरले?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: समुद्र शहाबादेतच होता, कोट्यवधी वर्षांपूर्वी. तेव्हा मासासुद्धा जन्मला नव्हता. पण सर म्हणतात, तळ वादळानंही उखडतो आणि भूकंपानंही. एका दगडावरून आभाळाला बोल लावता येत नाही. तोच थर दूरदूरच्या खाणींत सापडला तरच पुढं बोलायचं. आता तर तो एक दगडही उरला नाही. दुसरा विषय घ्यायचा म्हणजे आणखी एक वर्ष. तुम्ही नाही म्हणाल, म्हणून विचारतच नाही.

अव्वाचा दगड परत धाडते. पण आता त्यावरून साबण निसटेल.

माझ्या पोटात राग नाही, तुमच्याही नसावा.
दाक्षायणी

सोलापूर, ता. ९ फेब्रुवारी

चि. दाक्षायणीस आशीर्वाद.

चूक माझी. तोंडानं म्हणालो नसतो, कागदावर जमलं.

पत्र आलं आणि मी शहाबादची गाडी धरली. खाणीवरच्या रेवणप्पा मुकादमाला इचारलं, असा फुटका थर कुटं लागतो का. तो हसायलाच लागला. म्हणाला, मालक, तीस वर्षं तुमीच सांगताय की हा टाका, आता तुमीच हुडकत आलाय व्हय? सगळ्या खाणींत लागतो म्हणे, पुरुषभर खोलीवर. फरशी निघत न्हाय म्हणून ढिगाऱ्यात जातो.

मी तीन खाणी फिरलो. पहिलीपासनं शेवटची सहा कोस, दोन दिवस लागले. थर तिन्हीत हाय. पूर्वेच्या खाणीत तुकडे भाकरीएवढे, मधल्या खाणीत पेढ्याएवढे, पश्चिमेच्या खाणीत हरभऱ्याएवढे. नदी धोंडे आधी टाकते आणि वाळू लांब नेते. मग दाक्षा, लाट पूर्वेकडनं आली का गं? जेवतानासुद्धा तेच डोक्यात हाय. वादळ का आभाळातला धोंडा, ते तू ठरव. मला कळवायचं मात्र लगेच.

तिन्ही खाणींचे दगड धाडलेत, गेरूनं नावं घालून. सिद्धाराम छिन्नी घेऊन आलावता, त्याला परत लावून दिला. अव्वा ओल्या फडक्यानं माती पुसायला निघाली, तिचा हात धरला.

अक्कलकोटच्या पावण्यांना कळवलं हाय की पोरगी अजून खाणीत उतरलीय, वर यायला किती वर्षं लागतील ते आमाला ठाऊक न्हाय.

नापास मालावरही आता माझा जीव हाय, हे असू दे ध्यानात.
तुझा,
आप्पा