वन्स मोअर मीच दिला

नाशिक रोड
सोमवार, दि. ९ फेब्रुवारी २०२६

चि. ललित,

काल, रविवारी, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी भरल्या नाट्यगृहात तू माईकवरून म्हणालास, "तिसऱ्या रांगेतल्या ज्येष्ठ प्रेक्षकांनी प्रयोगात व्यत्यय आणू नये." तिसऱ्या रांगेत ज्येष्ठ मी एकटीच नव्हते, पण माना सगळ्यांच्या माझ्याकडेच वळल्या.

आशीर्वाद आहेतच. दीपमालाचा गुडघा कसा आहे? माझं बीपी कालपर्यंत ठीक होतं.

दादांचं संगीत नाटक पन्नास वर्षांनी तू पुन्हा उभं केलंस, याचं कौतुक आहे. पडदे सुंदर. फुलबाजाराचा प्रवेश पाहून मखमलाबादचा आपला मळा आठवला. हे मी दारातल्या अभिप्रायाच्या वहीत लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ लिहिली होती: "गाणी कोणाची?" आज सकाळी कळलं की ते पान तू फाडलंस. मग इतरांचे अभिप्राय तरी ऐक. शेजारच्या लताबाई म्हणाल्या, "पोरगी दिसते छान, पण गाताना तिच्या गळ्याची शीरसुद्धा हलत नाही हो." मागच्या रांगेतले गृहस्थ मनमाडहून आले होते. ते बायकोला म्हणाले, "टेपच ऐकायची तर घरी पंख्याखाली ऐकली असती."

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी तीस वर्षं कानाला यंत्र लावून बसले. माणसाचा आवाज आणि टेपवर भरलेला आवाज यांतला फरक मला शिकवावा लागत नाही. पुण्याच्या कुठल्याशा गायिकेकडून तू पदं गाऊन घेतलीस आणि आपल्या सायलीला नुसते ओठ हलवायला उभं केलंस. म्हणून मी वन्स मोअर दिला. आवडलं म्हणून नाही. जिवंत माणूस वन्स मोअरला पुन्हा गातो, टेप अडकते. मला तुला अडकवायचंच होतं.

मी ओरडले, मागचे दहा-बारा जण ओरडले. सायलीने विंगेत पाहिलं. तुझा साउंडवाला नुसता बटणं चाचपत होता. तेव्हा पोरीने डोळे मिटले आणि स्वतःच्या गळ्याने पद उचललं. पेटीवरचा मनोज, जो तासभर नुसती बोटं फिरवत होता, त्याने पटकन सूर धरला. दोन ओळी झाल्या. पहिली जरा उतरली, मागे कोणी हसलं; दुसरी नीट लागली, हसू थांबलं. "आता बघ," लताबाई म्हणाल्या, "आता शीर हलली."

आणि तिसऱ्या ओळीवर तू पुढच्या प्रवेशाचं संगीत सोडलंस, मोठ्याने, आणि मग ती घोषणा केलीस. मला गप्प केलंस त्याचं मी एवढं मनावर घेत नाही. मला गप्प करणारे बरेच झाले, टिकले थोडे. पण तू स्वतःच्या मुलीच्या आवाजावर टेप चढवलीस.

तुला राग येईल, तरी सांगते. दर बुधवारी ती कॉम्प्युटरच्या क्लासला जात नाही, माझ्याकडे गायला येते. दीपमालाला ठाऊक आहे. बायकोवर डाफरू नकोस, मीच शपथ घातली होती.

"आत्या, तू कुठे शिकलीस?" असं सायलीने एकदा विचारलं. मी विषय बदलला. तुलाही कधी सांगितलं नाही. त्र्याहत्तर साली हेच नाटक झालं तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. नायिका मी होते, वय पंधरा. तालमीत मीच गायचे. प्रयोगाच्या आदल्या दिवशी दादा म्हणाले, "छाये, आवाज बारीक आहे, लोक हसतील." त्यांनी विठाबाईंना पडद्यामागे गायला बसवलं. मी ओठ हलवले. वन्स मोअर आला, विठाबाई पुन्हा गायल्या, मी पुन्हा ओठ हलवले. दुसऱ्या दिवशी कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी वर्गात विचारलं, "ते गाणं तूच गायलीस ना?" सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "येस, सिस्टर." त्यानंतर कोणी गा म्हटलं की माझा घसा बसायचा. लोकांना वाटलं, मी शिष्ट आहे. तेही वाटू दिलं.

वडील म्हणून दादा वाईट नव्हते. तूही नाहीस. दोघांनाही लोक हसतील याचीच भीती. हसू देत. उतरलेल्या सुरावर हसणारा माणूस पुढच्या ओळीला गप्प बसतो, हे काल सगळ्यांनी पाहिलं.

२२ तारखेला सिन्नरला प्रयोग आहे. तिथे सायली स्वतः गाणार, पहिल्या पदापासून शेवटच्यापर्यंत. "सायली गाईल" एवढं एक वाक्य, खाली तुझी सही, कागदावर. व्हॉट्सअ‍ॅपचा अंगठा मी उत्तर धरत नाही. शुक्रवार, १३ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत कागद माझ्या हातात हवा, म्हणजे पोरीला तालमीला आठवडा मिळेल. तोवर फोन करू नकोस. फोनवर तू लहानपणीचा ललित होतोस आणि मी सगळं सोडून देते. या वेळी सोडायचं नाही.

तुझी,
छायाताई