आइसलँडची तोंडओळख

नेपरव्हिल,
रविवार, १२ ऑक्टोबर २००८

प्रिय शोभना,

सप्रेम नमस्कार. इथे सर्व ठीक. तुम्हीही तिकडे खुशाल असाल.

तुला पत्र लिहायची सवय पार गेली आहे. शेवटचं लिहिलं ते चौतीस वर्षांपूर्वी. तू व्हिसासाठी पुण्यात अडकली होतीस आणि मी इथे अमेरिकेत डाळ करपवत होतो. आता डाळ करपत नाही, कारण मी ती करतच नाही. पण जेवणाची काळजी करू नकोस. पद्मजा शेजारून अधूनमधून डबा पाठवते, प्रताप आणून देतो. उजव्या मनगटाला किरकोळ लागलंय, म्हणून अक्षर असं वेडंवाकडं.

पत्राचं कारण म्हणजे बातम्या. तिथल्या तिन्ही मोठ्या बँका एका आठवड्यात बुडाल्या असं टीव्हीवर दाखवलं. बाहेरून येणारा माल थांबेल म्हणून लोक तेल-पीठ भरून ठेवताहेत म्हणे. तुझ्या बीपीच्या गोळ्या तिथे मिळतात का? जुलैत निघालीस तेव्हा तीन महिन्यांच्या नेल्या होत्यास, म्हणजे संपत आल्या असतील. कळव. इथून पाठवतो.

तू जिथे राहतेस त्या देशाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, हे त्या बातम्या बघताना लक्षात आलं. शुक्रवारी लायब्ररीत गेलो. आइसलँडवर एकच पुस्तक होतं, तेही सहावी-सातवीच्या मुलांसाठी. पानोपानी चित्रं. मी ते आणलं आणि वहीत तीन भाग करून टिपणं काढली: इतिहास, अर्थव्यवस्था, समाज. तू तिथे बसलेली असताना मी इथून तुला तो देश समजावून सांगणं हास्यास्पद आहे, हे मला कळतं. पण तू कुठेही फिरायला गेलीस तरी पाट्या वाचत नाहीस, म्हणून लिहितो.

तिथे आधी कुणीच नव्हतं. अकराशे-साडेअकराशे वर्षांपूर्वी नॉर्वेहून माणसं होड्यांत बसून आली, ती बहुतेक तिथल्या राजाशी न पटल्यामुळे. आल्यावर त्यांनी स्वतःचा राजा केला नाही. ९३० साली थिंगवेलिर नावाच्या जागी उघड्यावर सभा भरवली आणि दर उन्हाळ्यात तिथेच कायदे करायचे, भांडणं मिटवायची असं ठरवलं. साधारण १००० साली धर्मावरून दोन तट पडले. अर्धे म्हणाले जुने देव, अर्धे म्हणाले ख्रिस्त. शेवटी कायदा सांगणाऱ्या माणसावर निर्णय सोपवला. तो स्वतः जुन्या देवांचा. एक दिवस आणि एक रात्र तो घोंगडी पांघरून पडून राहिला, कुणाशी एक शब्द बोलला नाही. मग उठला आणि स्वतःच्या देवांविरुद्ध निकाल दिला. सगळ्यांनी तो मानला. ज्यांना जुने देव सोडवत नव्हते त्यांनी घरात, कुणाला न दिसता पूजा करावी, अशी सवलतही ठेवली. पुढे नॉर्वेचं राज्य, मग डेन्मार्कचं. १७८३ मध्ये जमीन फाटून लाव्हा आला, गुरं मेली, दुष्काळ पडला आणि पाचातला एक माणूस गेला. १९४४ साली प्रजासत्ताक झाले. म्हणजे आपल्या स्वातंत्र्याआधी तीनच वर्षं.

पोट मुख्यतः मासळीवर. आपल्या समुद्रात परक्यांनी मासे धरू नयेत म्हणून इंग्रजांशी तीनदा भांडले. इंग्रजांच्या युद्धनौका, आणि यांच्याकडे चार-दोन गस्तीच्या बोटी. त्या बोटी इंग्रजांची जाळी कापून पळायच्या. आणि जिंकले! अॅल्युमिनियम गाळतात, कारण वीज स्वस्त. जमिनीतलं गरम पाणी नळाने घराघरांत नेतात, त्यावरच घरं ऊबदार राहतात. आपल्या रेणूच्या थिसिसचा हा विषय मला आत्ता, या मुलांच्या पुस्तकातून समजला. तेव्हा नुसती मान डोलावली होती.

समाजाचं प्रकरण वाचायचं राहिलं आहे. जमलं तर कळवीन. पान उलटताना एक मात्र दिसलं. तिथे तान्ही बाळं बाबागाडीत घालून भर थंडीत अंगणात झोपवतात. तू हे करू देत असशील असं वाटत नाही. निदान थर्मामीटर बघत जा.

बाकी विशेष काही नाही. मेपलची पानं गळतच आहेत.

कळावे,
मनोहर


नेपरव्हिल,
रविवार, ९ नोव्हेंबर २००८

प्रिय शोभना,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पाचच वाक्यं, पण मी ती बऱ्याच वेळा वाचली. “गोळ्या मिळतात. पीठही मिळतं. तुमचं पत्र रेणूला वाचून दाखवलं, घोंगडीची गोष्ट तिला माहीत होती. बाळ बाहेर झोपतं आणि छान झोपतं. दोघी कशा आहेत हे तुम्ही विचारलं नाहीत.”

नाही विचारलं. गेल्या पत्रात मी आणखीही काही लिहिलं नव्हतं, ते आज लिहितो.

मनगट किरकोळ नव्हतं. सप्टेंबरच्या शेवटी मागच्या अंगणात पानं गोळा करताना मला चक्कर आली आणि मी पडलो. टपाल टाकायला आलेल्या बाईने पाहिलं म्हणून बरं. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होतो. मनगटाचं हाड चिरलंय, बाकी सगळे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाला, तुम्ही नीट खात नाही, पाणी पीत नाही. डबा रोज येतो असं तुला वाटावं अशा बेताने मी लिहिलं होतं. पद्मजाने दोनदाच पाठवला, कारण तिला मी सांगितलं होतं की मला स्वयंपाक येतो.

हॉस्पिटलमध्ये नर्सने फॉर्म भरायला घेतला. “जवळचं कोण आहे?” मी म्हटलं, बायको, पण ती प्रवासात आहे. “आणखी कुणी?” मी म्हटलं, मुलगी. “तिचा नंबर?” शोभना, मला नंबर येईना. तो फ्रिजवर तुझ्या अक्षरात लावलेला आहे, मी तो कधी पाठ केला नाही. नर्स म्हणाली, “इट्स ओके सर, टेक युअर टाइम.” ती पेन धरून थांबली. तिने घाई केली असती तर बरं झालं असतं. शेवटी मी प्रतापचा नंबर दिला.

आता समाजाचं प्रकरण. ते वाचायचं राहिलं नव्हतं. पुस्तक हातात आल्याबरोबर मी तेच पहिल्यांदा उघडलं होतं, लायब्ररीत उभ्याउभ्याच. लिहिलं होतं की तिथली साठ टक्क्यांहून अधिक मुलं आईबापांचं लग्न झालेलं नसताना जन्मतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आडनाव नसतंच. बापाच्या नावापुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ लावतात, हवं तर आईच्या नावापुढे. टेलिफोनच्या डिरेक्टरीतही माणसं स्वतःच्या नावाने सापडतात. सहावीच्या मुलाला कळेल अशा दोन परिच्छेदांत सगळं उरकलं होतं, आणि त्याच पानावर मेंढ्यांचं चित्र.

फेब्रुवारीत रेणूने फोनवर सांगितलं, “बाबा, मला बाळ होणार आहे. मी आणि हाल्दोर लग्न वगैरे करत नाही आहोत, पण वी आर व्हेरी हॅपी.” तेव्हा मी काय म्हणालो ते तू स्वयंपाकघरातल्या फोनवर ऐकलंस. “त्या पोराला नाव कुणाचं लावणार?” एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पुढे म्हणालो, “इथे मला चार लोकांत तोंड दाखवायचं आहे. तू मला फोन करू नकोस.” आणि तिने केला नाही. मला वाटलं होतं चिडेल, भांडेल, पंधरा दिवसांनी करील. लहानपणापासून ती मी सांगितलेलं कधी ऐकायची नाही. नेमकं हेच ऐकलं.

जुलैत तू बॅग भरलीस. मी विचारलं, कुठे? तू म्हणालीस, “माझ्या मुलीच्या बाळंतपणाला. तुम्हाला परवानगी विचारत नाहीये, तारीख सांगतेय.” प्रताप तुला ओहेर विमानतळावर न्यायला आला तेव्हा मी लॉन कापायला घेतलं. आधल्याच दिवशी कापलेलं होतं. मशीनच्या आवाजात तू दारातून काहीतरी म्हणालीस, ते मला ऐकू आलं नाही. काय म्हणाली होतीस?

सप्टेंबरच्या तीन तारखेला फोनच्या मशीनवर तुझा निरोप होता: “मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.” मी तो पुसला नाही. पण उलट फोनही केला नाही.

महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना मी सांगत होतो की शोभना पुण्याला गेली आहे, भावाकडे. या महिन्याच्या एक तारखेला मंडळाची दिवाळी होती. जाणार नव्हतो, प्रताप ओढून घेऊन गेला. शाळेच्या कॅफेटेरियात नेहमीसारख्या लांब रांगा, कागदी ताटल्या, चकल्या. तुला सीमा आठवते ना, पूर्वी रेणूला डान्स शिकवायची ती. तिने सगळ्यांसमोर विचारलं, “काका, काकू पुण्याहून कधी येताहेत? दिवाळीला तुम्ही एकटेच?” मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि म्हणालो, “पुण्याला नाही गेली. रेणूला मुलगी झाली आइसलँडमध्ये, तिच्या बाळंतपणाला गेली आहे.”

मला वाटलं आता सगळे गप्प होतील. कसलं काय! सीमा ओरडलीच, “अय्या, आजोबा झालात आणि सांगितलं नाहीत?” कुणीतरी माझ्या ताटलीत लाडू ठेवला. लग्न कधी झालं, हे एकाने विचारलं. मी म्हटलं, केलेलं नाही. तो “बरं बरं” म्हणाला आणि मठ्ठा आणायला गेला. ज्या चार लोकांसाठी मी हे सगळं केलं, त्यांना इतकंच होतं, शोभना. मग पद्मजाने विचारलं, “नाव काय ठेवलं?”

मला माहीत नव्हतं. दोन महिन्यांच्या नातीचं नाव. मी म्हटलं, तिथे नाव उशिरा ठेवतात. ते पुस्तकातलं होतं, म्हणून बोलता आलं. मग हात धुवायला गेलो आणि बराच वेळ आलो नाही. प्रताप शोधत आला. त्याने माझा कोट आणून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवरचा नंबर बघून फोन लावला. रेणूने उचलला. तिने तुला सांगितलं की नाही, माहीत नाही. ती त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली.  मग म्हणाली, “बाबा? इज दॅट यू?”

“हो.”

“आर यू ओके?”

“हो. बँका बुडाल्या ना तिकडे. म्हणून केला.”

“वी आर फाइन, बाबा. हाल्दोरचे थोडे पैसे गेले. बट वी आर फाइन.” मागे बाळ रडत होतं. ती थांबली. मी काही बोलेन म्हणून थांबली असणार. मग म्हणाली, “आईला देऊ?”

मी “नको” म्हटलं आणि ठेवला. का ठेवला, ते सांगता येत नाही. 

तू कधी परत येणार हे मी विचारत नाही. विचारायचा हक्क सध्या माझ्याकडे नाही. घर मोठं झालंय. रात्रीचं सोड, दुपारी तीन वाजता सगळ्यात वाईट वाटतं, त्या वेळी तू चहा ठेवायचीस म्हणून असेल. मी हल्ली त्या वेळी लायब्ररीत जाऊन बसतो.

यापुढचं रेणूसाठी. तिला मराठी वाचता येत नाही, पण तू इंग्रजीत करू नकोस. आहे तसं वाच. तिला समजतं.

रेणू, मी चुकलो. तुला जे बोललो ते बोलायला नको होतं, आणि बोलल्यावर नऊ महिने गप्प राहायला तर मुळीच नको होतं. तू आनंदात आहेस असं तू मला सांगितलं होतंस, त्याच वाक्यात. ते मी ऐकलंच नाही. बाळाचं नाव मला तू सांग. हाल्दोरला माझा नमस्कार. त्याच्याशी काय बोलायचं ते मला अजून सुचत नाही, पण मासळीच्या भांडणावरून सुरुवात करता येईल.

डिसेंबरात तिथे दिवस चारच तासांचा असतो म्हणे. मला चालेल. प्लास्टर काढलंय, डॉक्टरने प्रवासाला हरकत नाही सांगितलं. पासपोर्टची मुदत आहे. पण तू “या” म्हटल्याशिवाय मी तिकीट काढणार नाही. आणि “नको” म्हणालीस तर तेही तुझं बरोबरच असेल. मी दर रविवारी फोन करीन, आणि तू ठेवेपर्यंत ठेवणार नाही.

तुझा,
बाबा