मिरचीवरची शपथ

१० जानेवारी

चि. ठसकीस,
अनेक आशीर्वाद.

आज डबा घासताना शाळेची पायरी आठवली. मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली हिरवी मिरची तू कडकडून चावलीस. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. सिस्टर पेला घेऊन धावत आल्या, तर त्यांनाच विचारलंस, अजून एक आहे का! तेव्हापासून तू ठसकी. पुढे त्याच जिभेवर सॉसच्या कारखान्यात चव बघण्याची नोकरी मिळवलीस, याचं मला केवढं कौतुक!

पण काल तुझ्या यजमानांचं पत्र आलं. तुझं ब्लडप्रेशर वाढलंय, गोळी सुरू झालीय, आणि तू मला चकार शब्दानं कळवलं नाहीस. अगं, इतकं तिखट पोटात गेल्यावर रक्त उसळणारच. कारखान्यात चव घेऊन थुंकतेस तेवढं चालेल. घरात मात्र मिरची बंद. माझी शपथ आहे.

तुझी काळजीत पडलेली,
ताई

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शपथ पाळली. घरातल्या मिरच्या शेजारी गेल्या. प्रेशर मात्र उतरायचं सोडून चढलं, एकशे अठ्ठावन्न! कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, महिन्याभरात उतरलं नाही तर चवीच्या टेबलावरून उठवून लेबलं लावायला बसवतील. सव्वीस वर्षं झाली गं त्या टेबलाला.

बाईंनी विचारलं, जेवता काय? मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी चुगली केली, की मिरचीवाचून सगळं अळणी लागतं म्हणून ही घासाघासावर मीठ भुरभुरवते. बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, मिरची खाल्ली की तोंड लाल होतं, घाम फुटतो, कारण तिच्या तिखटपणानं बारीक रक्तवाहिन्या सैलावतात. घटकाभर छातीची धडधड वाढते आणि ओसरते. मिरची काही औषध नव्हे, त्यावर अजून संशोधन चालू आहे. पण तुमच्या बाबतीत गुन्हेगार मीठ आहे. तिखट खाणाऱ्यांना कमी मीठ पुरतं, असंही काही पाहण्यांत दिसलंय म्हणे.

तर आता शपथ सोडव. लेखी हवं. फोनवर सांगितलंस तर हे मानायचे नाहीत.

तुझी,
ठसकी

९ फेब्रुवारी

चि. ठसकीस,
अनेक आशीर्वाद.

सुटली, सुटली, सुटली. हे पत्र यजमानांना मोठ्यानं वाचून दाखव. काळजीपोटी मीच तुझ्या ताटात मीठ वाढलं गं. वाचता वाचता चहा गार झाला. माझ्यावर राग धरू नकोस. गोळी चुकवू नकोस, आणि रोज चालत जा.

ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एकशे अठ्ठावीस! टेबल माझंच राहिलं. मी मिरचीचे गोडवे गायला लागले, तर बाईंनी दटावलं, श्रेय गोळीचं, चालण्याचं आणि मिठाला दिलेल्या रजेचं. बरं बाई, तसं तर तसं. पण जेवताना नाक पुसायला लागतं यातलं सुख त्यांना काय कळणार?

राग कसला धरायचा? माझ्या ताटाची चौकशी करणारं तुझ्याशिवाय आहे कोण? हे आहेत, पण ते फक्त चुगली करतात.

कारखान्याच्या साहेबांना गळ घालून कमी मिठाचा सॉस करवून घेतला. पहिल्या चार बाटल्या पाठवतेय. तुझी माया अशीच राहू दे.

तुझी,
ठसकी

ता. क. हिरव्या झाकणाची भाऊजींना, त्यांच्या पित्ताला सोसेल अशी. पिवळ्या दोन, एक सूनबाईला, एक तुझ्या वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेला. लाल झाकणाची तुझी. ती कपाटात साड्यांच्या मागे ठेव, नाहीतर सगळ्यांना वाढून तू रिकामी बाटली विसळत बसशील.