टाळ्या वाजवणाऱ्या भावाला काहीही नाही

मी, खाली सही करणारी, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. जबडा तेवढा नाही. उजवं मनगट नीट जुळलं नाही, म्हणून डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षराला कोणी हसू नये.

कारण एकच. मी अशीच गेले तर घर कायद्याने धाकट्या भावाकडे जाईल, आणि माझ्याकडे पळून आलेली त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, पुन्हा त्याच्या लाथाबुक्क्यांखाली.

कलम १. राहतं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. ते संपूर्ण भाचीला. पुढच्या खोलीतला नववी ते बारावीच्या मुलांचा शब्दवर्ग तिने चालवावा. पद्धत बदलू नये: अवघड इंग्रजी शब्द नुसता पाठ करून चालणार नाही, उभं राहून त्याचं आपल्या घरातलं खरं वाक्य करायचं. उसना सदरा अंगाला बसत नाही, तसंच शब्दाचं आहे.

कलम २. धाकट्याला काहीही नाही. का, ते कोर्टालाही कळू दे. वर्गाच्या पालकसभेत तो पहिल्या रांगेत छाती फुगवून बसला होता. भाचीच्या वाट्याला 'बेलिजरंट', म्हणजे मारायला उठलेला, हा शब्द आला. ती न अडखळता इंग्रजीत म्हणाली, "जेवणात मीठ कमी पडलं की माझे वडील बेलिजरंट होतात, आणि दुसऱ्या दिवशी आई भिंत धरून चालते." धाकट्याला इंग्रजीचा गंध नाही. त्यानेच जोरजोरात टाळ्या वाजवल्या. "वाघीण आहे माझी! काय फाडफाड बोलते!" बाकी कोणाचा हात हलला नाही. शेजारच्या खुर्चीतले, स्पेअर पार्टचं दुकान चालवणारे पालक, स्पेअर पार्टवाले, न राहवून पुटपुटले, "अहो, टाळ्या कसल्या वाजवताय? तुम्ही बायकोला मारता, असं सांगतेय ती."

त्याने लोखंडी खुर्ची उचलून पोरीच्या डोक्यावर उगारली. मी मध्ये पडले. पहिल्या घावात मनगट गेलं, दुसऱ्यात दात घशात. मेल्या, ज्या हाताने तुला कडेवर फिरवलं, त्याच हातावर घातलीस ना रे! तिसरा घाव बसायच्या आत मी टेबलावरचा जाडजूड शब्दकोश डाव्या हाताने त्याच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. ते वाकडं नाक त्याच्याकडेच राहू द्यावं. मला तसूभरही पश्चात्ताप नाही.

कलम ३. मुख्याध्यापक त्या सभेचे पाहुणे होते. आधी टेबलामागे लपले, आणि माझं रक्त गळत असताना म्हणाले, "बाई, घरगुती मामला आहे. गाईडमधलीच वाक्यं द्यायची होती." त्यांनी लिहिलेलं गाईड मला भेट मिळालं होतं. ते कोरं करकरीत त्यांना परत द्यावं.

कलम ४. स्पेअर पार्टवाल्यांनी धाकट्याच्या कमरेला मिठी मारून त्याला खाली पाडलं, म्हणून आम्ही दोघी जिवंत आहोत. त्यांना माझी आरामखुर्ची द्यायची होती. पण ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देऊ नये, असं वकीलबाईंचं म्हणणं.

दुसरे साक्षीदार समोरचे डॉक्टर ठरले होते. धाकट्याने त्यांच्या दवाखान्याच्या काचा फोडल्या आणि "सही केलीस तर पुढचं डोकं तुझं" असं बजावलं. ते आले नाहीत. दुसऱ्या सहीशिवाय हा कागद रद्दी. वकीलबाई आवराआवर करू लागल्या. तेवढ्यात मागच्या दाराने भावजय आली. ओठ फाटलेला. पोलीस चौकीत हिनेच सांगितलं होतं, "त्यांनी मला बोटही लावलेलं नाही." तिला पाहून माझ्या सगळ्या रागाचं पाणी झालं. मागची खोली हयातभर तिला द्यावी, असं कलम मी लिहायला घेतलं.

वकीलबाईंनी थांबवलं. "एकच काहीतरी. खोली घेतली तर सही नाही."

"अगं, तुला जायला दुसरी जागा नाही," मी म्हणाले.

"वन्सं, खोली राहू द्या. सही कुठे करू?"

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली.
दिनांक: सहामाही परीक्षेनंतरचा पहिला सोमवार.
लिहून ठेवणार: शिक्षिका (सही, डाव्या हाताची)
साक्षीदार १: स्पेअर पार्टवाले (सही)
साक्षीदार २: मुलीची आई (सही)
वकीलबाईंनी लिहिलेलं 'धाकट्याची पत्नी' तिने स्वतः खोडलं आहे. खाडाखोड मंजूर.